दिवा नुसता दिसून भागत नाही
दीपगृहांवरचा लेख मस्त, पण दीपगृह म्हणजे 'जहाजांना किनारा दाखवणारा दिवा' एवढ्यावरच थांबलात राव. दिवा दिसला तरी तो नेमका कुठला हे कळायला नको का, म्हणून तर प्रत्येकाची लुकलुकायची पद्धत वेगळी ठेवतात. इंग्लंडच्या एडिस्टन दीपगृहाचंच घ्या, दर १० सेकंदाला दोन पांढरे फ्लॅश, घड्याळ लावून मोजायचं, चार्टवर म्हणजे समुद्राच्या नकाशावर बघायचं की झालं. आणि ते दीपगृह तर 'इकडे येऊ नका, खडक आहेत' हे सांगायला समुद्रात उभं केलंय! तिथला पहिला टॉवर १७०३च्या वादळात गेला, बांधणारा विन्स्टनली पण आतच होता बिचारा. मग स्मीटन नावाच्या इंजिनिअरने सुतार लाकडात खाचा करून सांधा बसवतो ना तसे दगड एकमेकांत अडकवून १७५९ला टॉवर उभा केला आणि वर उजेडाला काय तर २४ मेणबत्त्या, आता हसू येतं पण तेव्हा तेवढाच आधार. गंमत म्हणजे टॉवरला काही झालं नाही, खालचा खडकच लाटांनी पोखरला, म्हणून वरचा भाग उतरवून किनाऱ्यावरच्या प्लिमथ शहरात नेऊन उभा केला, बुंधा मात्र अजून तिथेच आहे, १८८२च्या नव्या दीपगृहाच्या शेजारी.