पलकविषयी बोलण्याआधी निदान घटनांचा क्रम तरी तपासा

आज दुपारपासून मन इतके खवळले आहे की, लिहून मोकळे झाल्याशिवाय मला झोप लागणार नाही. एका घरगुती समारंभात पलक मुच्छलचे, म्हणजे हृदयविकार असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी कार्यक्रम करून पैसे उभे करणाऱ्या हिंदी चित्रपटांतल्या गायिकेचे, गाणे लागले होते. ते ऐकून एक सुशिक्षित आणि एरवी समंजस म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ म्हणाले की, आवाज बेताचाच आहे, पण लहान मुलांच्या ऑपरेशनांच्या बातम्यांवर या मुलीने नाव कमावले. आजूबाजूचे चार जण हसले. समारंभ दुसऱ्यांचा होता, आणि तोंड उघडले असते तर माझा आवाज नक्कीच चढला असता, म्हणून मी गप्प बसले. इथे मात्र मला गप्प बसण्याचे काही कारण नाही.

मी पलकची चाहती आहे, हे माझ्या यादीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. काहींना ते बालिश वाटते, हेही मला ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या बाईने आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या गायिकेच्या नव्या गाण्याची वाट पाहावी, तिच्या मुलाखती शोधून शोधून ऐकाव्यात, तिच्याविषयी कोणी वाकडे बोलले तर दिवसभर जेवण गोड लागू नये, यात लोकांना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. वाटू द्या. पण ज्यांनी आज ते वाक्य उच्चारले, त्यांनी घटनांचा क्रम तरी एकदा पाहायला हवा होता.

पलकचा जन्म ३० मार्च १९९२ रोजी इंदूरमध्ये झाला. १९९९ साली कारगिलचे युद्ध सुरू असताना ही सात वर्षांची मुलगी आपल्या शहरातल्या दुकानादुकानांत जाऊन गात होती आणि मिळालेले पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठी देत होती. पुढच्याच वर्षी इंदूरमधल्या एका शाळेचे शिक्षक तिच्या घरी आले. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या हृदयात जन्मजात दोष होता आणि शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या घरच्यांना झेपणारा नव्हता. तेव्हा एका हातगाडीचा रंगमंच करून ही मुलगी गायली आणि पैसे उभे राहिले. ती बातमी वाचून बंगळूरचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनी त्या मुलावर विनामूल्य शस्त्रक्रिया करण्याची तयारी दाखवली. मग जमलेल्या पैशांचे काय करायचे, असा प्रश्न पडला, आणि मुच्छल कुटुंबाने वर्तमानपत्रांतून अशाच आणखी कोणा मुलाला गरज आहे का, अशी विचारणा केली. एक मूल शोधायला निघालेल्या या कुटुंबापुढे तीसहून अधिक मुलांचे पालक येऊन उभे राहिले. त्या पालकांना परत पाठवणे जमले नाही, म्हणून कार्यक्रम होत राहिले, आणि आजतागायत ते थांबलेले नाहीत.

चित्रपटासाठी तिचे पहिले पार्श्वगायन झाले २०११ मध्ये. म्हणजे हातगाडीवरचे ते गाणे आणि पडद्यामागचे पहिले गाणे यांच्यात अकरा वर्षांचे अंतर आहे. ज्याला प्रसिद्धीसाठी काही करायचे असते, तो माणूस आठव्या वर्षी सुरुवात करून एकोणिसाव्या वर्षापर्यंत फळाची वाट पाहत बसतो का? आठ वर्षांच्या मुलीला कारकीर्द म्हणजे काय, हे तरी कळते का? परोपकाराच्या शिडीवरून ती गाण्यात चढली, असे म्हणणाऱ्याने ही दोन सालेसुद्धा शेजारी ठेवून पाहिलेली नाहीत.

आता मला हे सगळे इतके का लागते, ते सांगते. मी याविषयी इथे पूर्वी कधी लिहिलेले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी दोन महिन्यांची असताना दूध पिताना दमायची. चार घोट घेतले की थांबायची, धापा टाकायची, आणि तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब जमायचे. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत खेचली जायची. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे होते की, मूल अशक्त आहे, दूध अंगी लागत नाही, होईल हळूहळू. नेहमीची लस द्यायला नेले तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. आम्ही दोघी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. नंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि कळले की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र आहे.

त्या दिवसांत मी जे शिकले, ते आधी मला कोणी सांगितले नव्हते. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. अनेक लहान छिद्रे आपोआप बुजतात. मोठे छिद्र मात्र बुजण्याची वाट पाहता येत नाही, कारण फुफ्फुसांकडे जादा रक्त जात राहते, तिथल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तो कायमचा वाढतो. मग पैसे असोत, डॉक्टर असोत, शस्त्रक्रिया करता येत नाही. म्हणजे गरीब घरातले मूल पैसे जमेपर्यंत थांबू शकत नाही. पैसे जमेपर्यंतच्या काळात त्याची बरे होण्याची शक्यता संपत असते. हे कळल्यावर मला रात्रभर झोप आली नव्हती, आणि आमच्याकडे तर सोय होऊ शकत होती. बहिणीच्या नवऱ्याच्या मित्रांनी पैसे उभे केले, नातेवाइकांनी दिले. काही जवळच्या माणसांनी फोन उचलणे बंद केले, तेही झाले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत तिचे एवढेसे हृदय थांबवून रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे दिले जाणार आहे, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी समजावून सांगितले होते, आणि ते ऐकल्यापासून बहीण कोणाशीही बोलत नव्हती. तिच्या मुठीत मुलीचे एक टोपडे होते आणि त्याची नाडी ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी एका कानात इअरफोन घालून पलकचे गाणे लावले, अगदी हळू. ते प्रार्थनेचे गाणे नव्हते, चित्रपटातले साधे प्रेमगीत होते. पण ते गाणाऱ्या मुलीला या बाकाची ओळख आहे, एवढेच मला त्या क्षणी पुरेसे होते.

आणि खरोखरच तिला ती ओळख आहे. शस्त्रक्रिया चालू असताना ती अनेकदा डॉक्टरांच्या परवानगीने आत थांबून प्रार्थना म्हणत असे, हे लहानपणापासूनचे तिचे वागणे आहे. आम्ही मोठी माणसे दाराबाहेरसुद्धा धड बसू शकलो नाही, आणि एक शाळकरी मुलगी दाराच्या आत उभी राहत होती. बरे झालेल्या प्रत्येक मुलाच्या नावाने तिने एक बाहुली घेतली. दुसरे काही नाही. ज्या वयात बाहुली खेळण्यासाठी असते, त्या वयात तिने बाहुल्यांनी बरे झालेल्या मुलांचा हिशेब ठेवला. भाऊ पलाशला बरोबर घेऊन तिने वर्षानुवर्षे कार्यक्रम केले, आणि २०२४ मध्ये या शस्त्रक्रियांची संख्या ३,००० वर गेली. मला त्या आकड्याचा अर्थ आकडा म्हणून कळत नाही. मला तो तीन हजार बाकांच्या रूपात कळतो, आणि त्या प्रत्येक बाकावर माझी बहीण बसलेली दिसते.

पुरस्कार मिळतात, सत्कार होतात, विक्रमांच्या पुस्तकात नाव जाते, छायाचित्रे छापून येतात, हे खरे आहे. पण दूरच्या खेड्यातल्या आईला अशी मदत मिळू शकते, हे बातमी छापल्याशिवाय कसे कळणार होते? मुलांच्या उपचारांची जबाबदारी सरकारची आहे, गायिकेची नाही, असेही मला एकाने ऐकवले होते. मान्य. परंतु लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात २०१३ साली सुरू झाला, आणि त्याआधीची तेरा वर्षे ही मुलगी गात होती. त्या तेरा वर्षांत ज्यांची मुले वाचली, त्यांना जाऊन सांगा की ही जबाबदारी तिची नव्हती.

आवाजाविषयी बोलायचे तर, प्रत्येकाच्या आवडी वेगळ्या असतात, एवढे मी मान्य करते आणि त्यापुढे एक पाऊलही सरकणार नाही. ‘आशिकी २’ मधल्या युगुलगीतात अरिजित सिंगसारख्या गायकासमोर तिने आवाज जराही न चढवता आपली जागा राखली आहे. शब्दाच्या शेवटाला ती श्वास सोडते तो ऐकू येतो, पण सूर हलत नाही. धोनीवरच्या चित्रपटातले तिचे गाणे ऐका. त्यात एकही ओळ ऐकणाऱ्याला चकित करण्यासाठी म्हटलेली नाही. आणि हीच मुलगी ‘किक’ चित्रपटातले धांगडधिंग्याचे गाणेही तेवढ्याच सहजतेने गाते. मृदू आवाजाला बेताचा आवाज म्हणण्याची आपल्याकडे सवय पडली आहे, कारण ताकद म्हणजे टिपेचा सूर, असे दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी आपल्याला शिकवले आहे. लहानपणापासून मंचावर आणि रस्त्यावर, थांबलेल्या आणि न थांबलेल्या माणसांसमोर जिने गायले, तिला समोरच्याचे लक्ष ओरडून मिळवता आले असते. तिने तसे केले नाही, हे मला तिच्या गाण्यातले सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते.

लिहिता लिहिता राग जरा निवळला आहे. त्या गृहस्थांच्या घरात कोणाला असा बाक पाहावा लागला नसेल, आणि कधी पाहावा लागूही नये, असे मी मनापासून म्हणते. माझी भाची आता शाळेत जाते. छातीच्या मधोमध एक उभी, फिकट झालेली रेघ आहे, भाची अंघोळीच्या वेळी त्या रेघेकडे बोट दाखवून विचारते आणि बहीण तिला तीच गोष्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगते. तिची शस्त्रक्रिया पलकमुळे झाली नाही. माझ्या चाहतेपणामागे कोणत्याही उपकाराची परतफेड नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तसा तर्क लगेच काढला जातो. आमचे मूल आमच्या ओळखींमुळे वाचले. ज्यांना अशा ओळखी नसतात, त्यांच्यासाठी ही मुलगी गाते, आणि म्हणून मी तिची आहे.

काही चाहते अतिरेक करतात, इतर गायिकांना नावे ठेवतात, ते मला पटत नाही. मी दर वर्षी ३० मार्चला माझ्या ऐपतीप्रमाणे थोडे पैसे काढून जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या लहान मुलांच्या हृदयविकार विभागात घेऊन जाते. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी बाहेरून आणायची औषधे, राहणे, येणेजाणे आणि बुडालेली मजुरी यांत माणसे खचतात, हे आम्ही त्या बाकावरच्या इतर कुटुंबांकडे पाहून शिकलो. तिथल्या परिचारिका सांगतात कोणाला काय हवे आहे, आणि तेवढे आणून द्यायचे असते. येत्या मार्चमध्ये माझ्याबरोबर कोणाला यायचे असेल, तर मला निरोप पाठवा. एकच अट आहे. तिथल्या मुलांचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे छायाचित्र कोणीही काढायचे नाही.