खुलासा: डेस्कटॉपवरचे आयकॉन मॅकिंटॉशच्या आधीचेच
'डेस्कटॉपवरचे आयकॉन ॲपल कंपनीच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकात पहिल्यांदा आले आणि ते तिथल्या चित्रकार सुझन केअर यांनी शोधले' असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

झेरॉक्सचा 'स्टार' हा संगणक १९८१ मध्येच बाजारात आला होता. त्याच्या पडद्यावर फाइल, फोल्डर, प्रिंटर अशी चित्रं होती. ती नॉर्मन कॉक्स यांनी रेखाटली. फाइलच्या चित्रात आजही दिसणारा कागदाचा दुमडलेला कोपरा तिथलाच. 'आयकॉन' हा शब्द तर डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात वापरला होता. खुद्द ॲपलचा, आयकॉन असलेला 'लिसा' संगणकसुद्धा १९८३ चा, म्हणजे मॅकिंटॉशच्या आधीचा.

मग केअर यांचं श्रेय कमी होतं का? मुळीच नाही. आलेखाच्या कागदावरचे चौकोन भरत, ३२ बाय ३२ ठिपक्यांत आणि फक्त काळ्या-पांढऱ्यात त्यांनी मॅकिंटॉशच्या चित्रांना चेहरा दिला (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या हसऱ्या मॅकच्या बाबतीत तर अक्षरशः!). मॅकच्या कीबोर्डवरील कमांड बटणावरचं वेटोळं (⌘) मात्र त्यांनी निवडलं, घडवलं नाही. स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असतं.