टाळूचं भोक लेपानं बुजत नाही, मामी

पुतणीचं बाळ नऊ महिन्यांचं. जन्मतःच टाळू दुभंगलेला, दूध पाजलं की नाकातून बाहेर. बोंडल्यानं, बसतं धरून, थेंब-थेंब पाजत तिनं तासगावात हे दिवस काढले. मिरजेत ऑपरेशनची तारीख मिळाली आणि त्याच संध्याकाळी मामींनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'टाळूचं छिद्र ग्रहणामुळे पडतं. मध-हळदीचा लेप २१ दिवस लावा, आपोआप बुजेल. ऑपरेशन केलं तरी भोक पुन्हा पडतं. करायचंच तर मूल पाच वर्षांचं होऊ द्या.' रात्री अकराला पुतणीचा रडत फोन. म्हणून हे लिहितोय.

ग्रहणाचं आधी उरकतो. गर्भात टाळू जुळायचं काम बाराव्या आठवड्याच्या आसपास संपतं. सातव्या महिन्यात विळीवर भाजी चिरली म्हणून पोरीला बोल लावणाऱ्यांनी निदान महिने तरी मोजावेत.

लेपाचं मात्र सोडणार नाही. हळदीचं कौतुक सांगलीकराला नको सांगायला, आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ते टाळू सांधण्यासाठी नाही. ही जखम नव्हेच. जखमेच्या कडा ओल्या असतात, त्या भरून येतात. इथं दोन्ही कडांवर पक्कं अस्तर आहे, त्या एकमेकींना चिकटणार कशा? लेप वर नाकात जाणार, नाहीतर श्वासनलिकेत. त्यात मध! वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नसतं. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, स्नायू लुळे पडतात, श्वाससुद्धा अडकू शकतो. घरी मध उकळून ते मरत नाहीत. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं खाली लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारायचंय मला.

भोक पुन्हा पडतं, हे अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य. ऑपरेशनमध्ये नाकाकडचं अस्तर वेगळं, तोंडाकडचं वेगळं शिवतात आणि मधले स्नायू नीट जोडतात. टाके ताणले गेले, रक्तपुरवठा कमी पडला, तर काही मुलांत बारीक भोक राहतं. त्रास नसेल तर कधी तसंच ठेवतात. अन्न-पाणी नाकात जात असेल तर पुन्हा शिवतात. मोठं असेल तर जिभेची पट्टी उचलून तिथं जोडतात, दोन-तीन आठवड्यांनी ती जिभेपासून सोडवतात. म्हणजे त्यावरही उपाय ऑपरेशनच, लेप नव्हे.

आणि पाच वर्षं थांबायचं? २०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ५५८ बाळांचा अभ्यास आलाय. सगळ्यांचा फक्त टाळू दुभंगलेला, ओठ नाही. निम्म्यांचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात, निम्म्यांचं बाराव्या. पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा बोलताना टाळूनं नाकाची वाट नीट बंद न होण्याची अडचण पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. तिथं सहा महिन्यांच्या फरकावर खल चाललाय आणि आपण पाच वर्षं म्हणतोय! तोवर पोर नाकात बोलायला शिकून बसेल.

खर्चाचं कुणी बोललं नाही, तरी सांगतो: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू येतात, अंगणवाडीच्या तपासणीतून पुढं पाठवतात.

मामी, तो मेसेज काढा. आणि सोमवारी हिमोग्लोबिन तपासायला जायचंय, पुतणीबरोबर तुम्हीच चला.