भारतीय पासपोर्टवर बर्मिंगहॅममध्ये मत देता येत नाही? फिरत्या मेसेजला उत्तर

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, निवडणूक जवळ आली की तिथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: 'ही निवडणूक फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची. व्हिसावर असताना मतदार यादीत नाव घातलं तर गुन्हा होतो आणि पुढे आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) अडकतो. कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) भरणाऱ्यांचं नाव आपोआप यादीत जातं, ते काढून घ्या. मतदान केंद्रावर भारतीय पासपोर्ट चालत नाही. इथे मत दिलं की भारतातला मताधिकार जातो.'

पाच वाक्यं आणि पाचही चूक. क्रमाने घेऊ.

'फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची निवडणूक'

ब्रिटनच्या १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक, तिथे कायदेशीर परवानगीने राहत असतील तर, मतदार होऊ शकतात. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, डिपेंडंट व्हिसा, आयएलआर, काहीही असो, वय १८ पूर्ण आणि पत्ता बर्मिंगहॅमचा असेल तर कौन्सिलसाठी मत आहे. इतकंच नाही, संसदेच्या निवडणुकीतही आहे. अट वास्तव्याची आहे. त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांचं नाव घालू नका, त्यांचं घर भारतात आहे.

गैरसमजाचं मूळ बहुधा युरोपियन नागरिकांच्या नियमात असावं. ब्रेक्झिटनंतर त्यांचा स्थानिक मताधिकार २०२४ च्या मेपासून मर्यादित झाला. त्या बातमीतला 'परदेशी नागरिक' हा शब्द उचलून कुणीतरी भारतीयांना चिकटवला असेल. भारतीयांच्या हक्कात त्या बदलाने काहीही फरक पडलेला नाही.

'नाव घातलं तर गुन्हा, आयएलआर अडकतो'

कायद्याचा रोख नेमका उलट आहे. पात्र असूनही, कौन्सिलने लेखी बजावल्यावरही नोंदणी केली नाही, तर ८० पौंडांचा दंड होऊ शकतो. गुन्हा होतो तो खोटी माहिती दिल्यावर. फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्व विचारतात, तिथे घाईघाईत 'ब्रिटिश' निवडू नका, 'इंडियन' निवडा.

'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी निधीतून मदत घेता येणार नाही) हा व्हिसावरचा शिक्का पाहून लोक बिचकतात तेही समजून घ्या. मतदान हा सरकारी निधी नव्हे. ज्याची खरोखर काळजी घ्यायची ती गोष्ट दुसरीच आहे: कमी उत्पन्नासाठी मिळणारी कौन्सिल टॅक्स रिडक्शन. ती पब्लिक फंड्समध्ये मोजली जाते, आणि 'कौन्सिलचीच तर सवलत' म्हणून अर्ज करणारा गोत्यात येतो. एकट्या राहणाऱ्याला मिळणारी २५ टक्के सूट त्यात धरत नाहीत.

'कौन्सिल टॅक्स भरता, म्हणजे नाव यादीत आहेच'

दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतःची नोंदणी स्वतः करायची आहे. घरातल्या एकाने सगळ्यांची नावं भरून दिली, हा प्रकार संपला. पत्ता बदलला की पुन्हा नोंदणी. दर वर्षी भाड्याचं घर बदलणाऱ्या आयटीवाल्यांची नावं गळतात ती इथेच.

अर्ज गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर होतो, पाचेक मिनिटांत. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (नोकरी आणि करासाठी मिळणारा सरकारी क्रमांक) लागतो. नुकत्याच आलेल्या जोडीदाराकडे हा क्रमांक नसेल तर अर्ज सोडून देऊ नका. क्रमांक नसल्याचं कारण त्याच फॉर्ममध्ये लिहिता येतं, मग कौन्सिल ओळखीची कागदपत्रं मागवते. यात वेळ जातो, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. 'ओपन रजिस्टर'मधून नाव वगळण्याची खूण तिथेच करा, ती यादी कुणालाही विकत मिळते. मुख्य यादीत नाव असणं मात्र फायद्याचंच, कारण कर्ज देणाऱ्या संस्था पत्ता पडताळायला तीच बघतात.

मुदती कामकाजाच्या दिवसांत मोजतात, आणि मेच्या सुरुवातीची बँक हॉलिडे मध्ये येऊन हिशेब बिघडवते. ७ मे २०२६ च्या मतदानासाठी तो असा बसतो: नोंदणी २० एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत, टपाली मतासाठी अर्ज २१ एप्रिलला संध्याकाळी ५ पर्यंत, आणि प्रॉक्सी (आपल्या वतीने मत देणारा माणूस) किंवा मोफत मिळणारं मतदार ओळखपत्र यांसाठी अर्ज २८ एप्रिलला संध्याकाळी ५ पर्यंत.

मेमध्ये भारतात जाणार असाल तर टपाली मतपत्रिका भारतात मागवायच्या फंदात पडू नका. ती पोचून भरून मतदानाच्या रात्री १० च्या आत परत येणं जवळजवळ अशक्य. प्रॉक्सी नेमा, फक्त त्या माणसाने स्वतःचं ओळखपत्र घेऊन जायचं असतं. इथेच असून टपाली मत घेतलंत तर जोडपत्रावर जन्मतारीख मागतात, तिथे बरेच जण त्या दिवसाची तारीख टाकतात आणि मत बाद होतं.

'भारतीय पासपोर्ट चालत नाही'

हे वाक्य सर्वांत नुकसान करणारं, कारण ते वाचून माणूस केंद्राच्या दारातून परत फिरतो. फोटो ओळखपत्राची सक्ती इंग्लंडमध्ये २०२३ च्या मेमधील स्थानिक निवडणुकांपासून लागू झाली. मान्य यादीत राष्ट्रकुलातल्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट आहे, म्हणजे भारताचाही. मुदत संपलेला असला तरी फोटो तुमच्यासारखा दिसत असेल तर चालतो. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, प्रोव्हिजनलसुद्धा.

न चालणारी यादी मोठी आहे: आधार, भारतीय लायसन्स, ओसीआय कार्ड, ऑफिसचं किंवा विद्यापीठाचं ओळखपत्र. मोबाइलमधला ई-व्हिसा आणि पासपोर्टचा फोटोही नाही, मूळ वस्तूच लागते. मतदानाआधी घरी येणारं सूचनेचं पोलकार्ड मात्र नसलं तरी चालतं.

मराठी माणसाचा घोळ होतो तो नावात. यादीत 'स्नेहा कुलकर्णी' आणि पासपोर्टवर 'स्नेहा अनिल कुलकर्णी' असेल तर अडचण नाही, मधल्या नावाचा फरक किरकोळ धरतात. पण लग्नानंतर यादीत 'स्नेहा देशपांडे' आणि पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा असेल तर केंद्रप्रमुख थांबवू शकतो. अशा वेळी लग्नाचा दाखला सोबत ठेवा. परत पाठवलंच तर त्याच दिवशी दुसरं ओळखपत्र घेऊन येता येतं, केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं.

'भारतातला मताधिकार जातो'

जात नाही. भारतीय नागरिकत्व संपतं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. बर्मिंगहॅमच्या मतपत्रिकेवर फुली मारणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. अनिवासी भारतीयाला फॉर्म ६अ भरून गावच्या यादीत नाव ठेवता येतं, मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं.

मेसेजमध्ये नसलेलं, पण केंद्रावर गोंधळवणारं एक: बर्मिंगहॅममध्ये ६९ वॉर्ड आणि १०१ नगरसेवक आहेत. ३७ वॉर्डांत एक जागा, ३२ वॉर्डांत दोन. पुण्याच्या प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देण्याची सवय असलेल्यांनी लक्ष द्यावं: इथे दोन जागांच्या वॉर्डातही उमेदवारांची यादी एकच, तिच्यात जास्तीत जास्त दोन फुल्या. एकच मारली तरी मत वैध, तीन मारल्या की बाद. नोटा नाही. पेन्सिलीवर विश्वास नसेल तर स्वतःचं पेन न्या, मनाई नाही. महापौराचं नाव मतपत्रिकेवर शोधू नका. लॉर्ड मेयर मानाचं पद आहे, कारभार कौन्सिल लीडर बघतो आणि त्याला नगरसेवक निवडतात.

उमेदवारीबाबत मात्र व्हिसा आडवा येतो. राष्ट्रकुल नागरिकाला उभं राहायला आयएलआर लागतो, वर्क व्हिसा पुरत नाही. बाकी अटी सोप्या आहेत: बर्मिंगहॅमच्या यादीत नाव, किंवा वर्षभर तिथे वास्तव्य अथवा मुख्य काम, आणि अर्जावर त्या वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या. कौन्सिलची नोकरी असेल तर उभं राहता येत नाही. अनामत रक्कम भरावी लागत नाही.