खरखर नेमकी कुठली?

मोटारीतला रेडिओ बिघडला आहे असे सांगितले की सांगलीतला माणूस आधी सहानुभूतीने पाहतो आणि मग विचारतो, "अजून रेडिओ ऐकता?" हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला, गॅरेजच्या मिस्त्रीने विचारला आणि जिथे मी केवळ भडंग घ्यायला गेलो होतो त्या दुकानदारानेही विचारला. १९६३ साली सुरू झालेले सांगलीचे आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्‌झला लागते. विश्रामबागहून मिरजेला जाताना ते ऐकण्याची माझी जुनी सवय असल्यामुळे, बातम्यांच्या जागी नुसता "घूंऽऽ" ऐकू येऊ लागल्यावर स्वस्थ बसणे मला शक्य नव्हते.

साताऱ्यात राहत असतो तर सारा दोष अजिंक्यताऱ्यावर ढकलता आला असता. सांगलीच्या सपाटीवर ती सोय नाही, आणि तसेही मध्यम लहरी एफएमइतक्या डोंगराला बुजत नाहीत. त्यांची अडचण निराळी असते. १२५१ किलोहर्ट्‌झची लहर सुमारे २४० मीटर लांब असते आणि ती पकडण्यासाठी गाडीला मीटरभरही नसलेली काडी दिलेली असते. त्यामुळे गाडीतच कोणी विजेची कुरकुर सुरू केली की केंद्राचा आवाज तिच्याखाली दबून जातो.

मिस्त्रीने काहीही न उघडता "सेट गेला, काका" असे जाहीर केले आणि टचस्क्रीनचा नवा सेट सुचवला. शेजारचे गृहस्थ वीज खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी रस्त्यावरच्या तारा तेवढ्या निर्दोष ठरवल्या आणि बाकी सर्वांवर संशय घेतला.

अखेर एका अबोल वायरमनने क्रमाने तपास केला. त्याने प्रथम इंजिन चालू ठेवून ॲक्सिलरेटर दाबला. आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर चढली असती तर इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर गुन्हेगार ठरला असता. पण ती ढिम्म हलली नाही. इंजिन बंद करून किल्ली नुसती ॲक्सेसरीवर, म्हणजे रेडिओ-सॉकेटपुरती वीज मिळेल अशी ठेवली, तरी घूंऽऽ चालूच. तेव्हा त्याने लायटरच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर उपटला आणि गाडीत एकदम शांतता पसरली. असा चार्जर बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि स्वस्त चार्जरमध्ये ही खळबळ आतच थोपवणारा फिल्टर बहुधा नसतोच. हा चार्जर चिरंजीवांनी फुटपाथवर घासाघीस करून आणला होता, म्हणजे फिल्टरपुरते पैसे बहुधा त्या घासाघिशीतच वाचले असावेत.

तरीही निवेदकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखाच येत होता. मल्टिमीटर लावल्यावर काडीपासून सेटपर्यंतची तार शाबूत निघाली, परंतु केबलच्या बाहेरच्या जाळीला बॉडीची अर्थिंगच मिळत नव्हती, कारण अँटेनाच्या बुडाशी गंज चढला होता. पॉलिश पेपरने गंज घासून नट आवळताच बातम्या खणखणीत ऐकू येऊ लागल्या. वायरमनने पैसे फक्त अँटेनाचे घेतले; चार्जरबाबत "ते काम काकूंनीपण केलं असतं की" एवढेच तो म्हणाला.

काकू मात्र ते काम करणाऱ्यांपैकी नाहीत. मिरजेपर्यंत फोन चार्ज झालाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असल्यामुळे सध्या जाताना चार्जर लागतो आणि येताना रेडिओ.