वाळवंटात कासव दिसल्यास काय करावे

व्हेगासला जाताना वाटेत मोहावीचं वाळवंट लागतं. तिथे कासव दिसलंच तर काय करायचं, हे आपल्या मंडळींना कोणीतरी सांगायलाच हवं होतं. गेल्या शनिवारी तीन गाड्या भरून जाऊन आल्यामुळे तो अधिकार आता माझ्याकडे आहे.

आधी डांबरी रस्ता सोडा. एवढी एसयूव्ही काय ऑफिसच्या पार्किंगसाठी घेतली? कासव जवळजवळ सगळं आयुष्य बिळात काढतं. चाकाखाली बीळ ढासळलं तर उकरेल दुसरं.

निघताना गाडीखाली वाकून बघू नका. सावलीला येऊन बसतात म्हणे. तुमची कंबर महत्त्वाची.

उरलेला चिवडा डोमकावळ्यांना घाला. एरवी पितृपक्षात पान वाढून हाका मारल्या तरी कावळा फिरकत नाही, इथे पितर रांगेत उभे! माणसांच्या खरकट्यावरच तर त्यांची एवढी वीण वाढली. चिवडा संपला की आहेतच कासवाची पिल्लं. पहिली पाच-सात वर्षं पाठ मऊ असते, चोचीला त्रास नाही.

घरचं कासव नकोसं झालंय? तिथेच सोडा, त्याचा श्वसनाचा रोग इतरांनाही मिळू दे.

आणि मुख्य म्हणजे, उचला. आमच्या काकांनी उचललं. विसर्जनाला गणपती नेतात तसं, छातीशी धरून. "कूर्मावतार!" सगळ्यांचे मोबाईल बाहेर. मी 'नको' म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, देवळात लावतोच की हात. अहो, देवळातलं दगडाचं असतं! हे घाबरलं आणि काकांच्या नव्या बुटांवर धार सोडली. काय तो हशा! "सू केली, सू केली!"

ते त्याचं पाणी होतं. पाऊस पडला की हे कासव पोटभर पितं, मूत्राशयात साठवतं आणि पुढच्या पावसापर्यंत त्यावर तगतं, कधी कधी वर्षभर. घाबरवलं की ती टाकी रिकामी होते, आणि मग ते तहानेने मरू शकतं. काका माणदेशातले. लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन धावल्याच्या गोष्टी दर दिवाळीला सांगतात. त्यांचा हंडा कोणी लाथाडला असता तर हसले असते का?

१९९० पासून हा प्राणी अमेरिकेच्या कायद्याने संरक्षित आहे. हात लावणं गुन्हा आहे. मादी अंडी घालण्याजोगी व्हायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. २००४ ते २०१४ मध्ये पश्चिम मोहावीतली मोठी कासवं निम्म्यावर आली, आणि तुम्हाला सेल्फी हवाय! भर रस्त्यात गाडीखाली येणार असेल तरच उचलायचं, तेही जमिनीलगत, आडवं धरून, आणि ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच बाजूला ठेवायचं. नाहीतर लांब उभं राहा, तोंड मिटून.

काका, तो डीपी आधी बदला. आणि त्यावर बदाम टाकणाऱ्या सतरा जणांनो, तुम्ही तर बोलूच नका माझ्याशी.