‘निदान शिस्त तरी लावली’ यावरून पेटलेला वाद

विषय मंदारने काढला. “या पोरांना हिटलरच हवा होता. बाकी काही म्हणा, तरुणांना शिस्त तरी लावली त्याने.” हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं, की सहसा कोणी हटकत नाही. नीलिमाने हटकलं.

“शिस्त? दहाव्या वर्षी पोरगा युंगफोल्क या नाझींच्या बालसंघटनेत, चौदाव्या वर्षी त्यांच्याच हिटलर युथ या युवक संघटनेत. मुलींच्या संघटना वेगळ्या. कवायती, तंबू, शेकोट्या, गाणी. मुलांना ते मनापासून आवडायचं, आणि त्याच्याच आडून ज्यूद्वेष शिकवला जायचा.”

“अगं, सक्ती होती. बिचारी पोरं काय करणार?”

“पूर्ण सक्ती 1939 च्या मार्चमध्ये आली,” शिरीष म्हणाला. “1936 अखेर पन्नास लाखांहून जास्त मुलं-मुली आत होती.”

“इतर संघटनांवर बंदी घातल्यावर जाणार कुठे? न जाणारा वर्गात एकटा पडणार.” मंदारचं हे म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं. बंदी, दबाव आणि हौस एकाच वेळी काम करत होती.

मला जास्त अस्वस्थ करते ती शाळा. एप्रिल 1933 च्या कायद्याने नव्या प्रवेशांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं. नोव्हेंबर 1938 मध्ये उरलेल्या मुलांनाही सरकारी शाळांतून काढलं. ज्यू मुलं बाकांवरून गेली आणि धड्यांत मात्र आली. 1938 चंच ‘विषारी अळंबी’ नावाचं चित्रांचं पुस्तक घ्या. त्यात आई मुलाला जंगलात अळंब्या दाखवते आणि सांगते, चांगली कोणती नि विषारी कोणती ते जसं चटकन कळत नाही, तसंच ज्यूंचं आहे. मारा, जाळा असं काही ती म्हणत नाही. प्रेमाने सावध करते. आईच्या मायेतून द्वेष पाजणाऱ्या त्या पानाची मला चीड येते. त्याचा प्रकाशक युलियस श्ट्रायशर 1946 मध्ये न्यूरेंबर्गला फासावर गेला. गणिताची पुस्तकंही सुटली नाहीत: मनोरुग्णांवरच्या खर्चात कामगारांची किती घरं झाली असती, असली उदाहरणं मुलं वहीत सोडवत होती.

“मग सगळेच बिघडले का? हान्स आणि सोफी शोल?” मंदारने विचारलं.

ही दोघं भावंडं सुरुवातीला हिटलर युथच्या संघटनांत उत्साहाने गेले होते. पुढे त्यांच्या ‘व्हाइट रोज’ या नाझीविरोधी विद्यार्थी गटाच्या पत्रकात पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीबद्दल उघड लिहिलं गेलं. 22 फेब्रुवारी 1943 ला खटला झाला आणि त्याच दिवशी दोघांचा शिरच्छेद. “पण त्यांचे वडील पहिल्यापासून नाझींच्या विरोधात होते,” नीलिमा म्हणाली. “घरात दुसरा आवाज होता.”

शिरीषने 2015 च्या एका अभ्यासाचा दाखला दिला. 1996 आणि 2006 च्या पाहण्यांवर तो बेतलेला होता. 1930 च्या दशकात जन्मलेल्या जर्मनांत, म्हातारपणीसुद्धा, ज्यूद्वेष इतर पिढ्यांपेक्षा जास्त आढळला. आणि ज्या भागांत ज्यूविरोधी पक्षांना पहिल्या महायुद्धाआधीपासून मतं मिळत होती, तिथे शिकवण जास्त भिनली होती.

“म्हणजे दोष घरांचा!” मंदार.

“घराचा आणि शाळेचा. घरातली कुजबुज शाळेने फळ्यावर लिहिली,” नीलिमा. मला तिचं पटतं.

दहा वर्षांच्या मुलाला दोष देता येत नाही, यावर मंदार ठाम राहिला. तेही मला मान्य आहे. पण 1933 मधला तो दहा वर्षांचा मुलगा 1941 मध्ये अठराचा होऊन, बंदूक घेऊन पूर्वेकडे, रशियाच्या आघाडीवर गेला. तिथे त्याने जे केलं त्याचा जाब त्याला विचारायचा की नाही, यावर आमचं काही जमलं नाही. मी तरी विचारेन.